वाचकांचे प्रश्न : मराठी चित्रपटाला सरकारी पैसा कशासाठी आणि कसा

मराठी चित्रपटांच्या शासकीय अनुदानावरचा लेख मागील अंकात छापून आल्यानंतर बरीच पत्रे आली. काही रागाची होती, काही काळजीची, आणि काहींत थेट व्यवहाराचे प्रश्न होते. त्यांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत. उत्तरे लिहिणाऱ्याची उमेदवारी तालुक्याच्या गावातील एका चित्रपटगृहात रोजच्या वसुलीचा तक्ता, म्हणजे 'डी.सी.आर.', लिहिण्यात गेली आणि पुढची वर्षे एका वितरकाच्या कचेरीत हिशेब ठेवण्यात गेली. त्यामुळे या उत्तरांत तिकीटखिडकीच्या बाजूचा कल दिसेल, हे आधीच सांगितलेले बरे.

प्रश्न : आमच्या भागात उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढावे लागतात, शाळेच्या खोल्या गळतात. अशा राज्यात एकेका चित्रपटाला तीस-चाळीस लाख रुपये सरकारने का द्यावेत? ज्याला चित्रपट काढायचा आहे, त्याने तो स्वतःच्या हिमतीवर काढावा. (एक निवृत्त शिक्षक, बार्शी)

उत्तर : गुरुजी, गळकी खोली आणि चित्रपट यांतून एकाचीच निवड करायची वेळ आली, तर मीही खोलीच निवडीन. मात्र या पैशाचा उगम कोठे आहे, हे आपण ध्यानात घ्यावे. मुंबई इलाख्याचा करमणूक शुल्काचा कायदा १९२३ सालचा आहे. तेव्हापासून २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येईपर्यंत या राज्यातील प्रेक्षकाने तिकिटामागे सरकारला पैसे दिले, आणि त्यांतला मोठा भाग हिंदी चित्रपट पाहताना दिला. चित्रपटगृहाने सरकारी तिजोरीत वर्षानुवर्षे जी भर घातली, तिच्या मानाने मराठी चित्रपटाला परत मिळालेली रक्कम अगदी थोडी आहे.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. तमिळ किंवा तेलुगू चित्रपटाला त्याच्या घरी भाषेचे कुंपण आहे. तेथील सामान्य प्रेक्षक हिंदी चित्रपटाकडे सहज वळत नाही. मराठी माणसाला हिंदी समजते, हिंदी चित्रपटांची राजधानी त्याच्याच मुंबईत आहे, आणि कलावंत, तंत्रज्ञ, स्टुडिओ, चित्रपटगृहे व शुक्रवारचा दिवस हे सारे दोन्ही उद्योगांना एकाच ठिकाणी वाटून घ्यावे लागते. अनेक पटींनी मोठे भांडवल असलेला शेजारी एकाच ओसरीवर राहत असेल, तर धाकट्याने केवळ हिमतीवर उभे राहावे, असे म्हणणे न्यायाचे होत नाही.

आश्रयाची परंपराही आपल्याकडे नवी नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्यापासून जी चित्रसृष्टी उभी राहिली, तिला संस्थानाचा हात होता. कोल्हापूर सिनेटोन आणि शालिनी सिनेटोन ही नावे राजाराम महाराज आणि अक्कासाहेब महाराज यांच्या आश्रयाशी जोडलेली आहेत. लोकही वेळेला मागे राहत नाहीत. २००४ मध्ये 'श्वास' हा मराठी चित्रपट ऑस्करसाठी भारतातर्फे निवडला गेला, तेव्हा तेथील प्रचाराचा खर्च भागवण्यासाठी नाशिकच्या शाळकरी मुलांनी दिवे तयार करून विकले होते.

तरीही आपल्या पत्रातील एक गोष्ट मी पूर्णपणे मान्य करतो. जो चित्रपट अनुदान घेऊन तयार होतो आणि बार्शीच्या पडद्यावर कधीच पोहोचत नाही, त्याच्यावर खर्च झालेल्या पैशाचा जाब विचारण्याचा आपल्याला पुरेपूर अधिकार आहे. पुढच्या उत्तरांत पुन्हा पुन्हा याच मुद्द्याकडे यावे लागणार आहे.

प्रश्न : माझा पहिला चित्रपट पूर्ण झाला असून सेन्सॉरचे प्रमाणपत्रही हातात आले आहे. घर तारण ठेवून पैसा उभा केला. अनुदान मिळेल, या हिशेबाने पुढची उसनवारी करावी का? (एक तरुण निर्माता, नाशिक)

उत्तर : करू नये. एवढे उत्तर पुरेसे आहे, तरी कारण सांगतो. आपल्या राज्यातील अनुदान चित्रपट पूर्ण झाल्यावर मिळते. चित्रपट परीक्षण समितीसमोर दाखवला जातो, सदस्य गुण देतात, आणि त्या गुणांवरून 'अ' किंवा 'ब' दर्जा ठरतो. 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख रुपये, हे आकडे निर्मात्यांच्या तोंडी बसलेले आहेत. पण शासन निर्णय बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी गोरेगावच्या चित्रनगरीतील, शासनाच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाच्या कार्यालयातून सध्या लागू असलेला निर्णय मागून घ्यावा आणि त्यातील अटी एकेक करून वाचाव्यात. कोणता दर्जा मिळेल, किंवा दर्जा मिळेल की नाही, हे समिती बसेपर्यंत कोणालाही सांगता येत नाही. कोणी सांगत असेल, तर त्याच्यापासून दूर राहावे.

वितरकाच्या कचेरीत असताना माझ्यासमोर असे निर्माते येऊन बसत. एकाने घडी घालून खिशात ठेवलेला कागद माझ्यापुढे उलगडला होता. एका बाजूला त्याचा खर्च होता. दुसऱ्या बाजूला 'अनुदान' असे लिहून पुढे रक्कम मांडली होती, जणू ती बँकेत जमाच झाली आहे. त्या कागदावर व्याजाची ओळ नव्हती. महिना दोन टक्क्यांनी घेतलेले वीस लाख रुपये दीड वर्ष फिरले, तर सात लाख वीस हजार रुपये केवळ व्याजात जातात. अनुदान आले तरी ते चित्रपटाच्या हाती येत नाही, सावकाराच्या हाती जाते. आपल्या योजनेतला मोठा दोष मला येथे दिसतो. ज्याच्याजवळ आधीच पैसा आहे, त्याला ती उपयोगी पडते. ज्याला सुरुवातीला हात हवा असतो, त्याला ती काम संपल्यावर भेटते. फ्रान्समध्ये १९५९ पासून पटकथा पाहून पुढील उत्पन्नावर आगाऊ रक्कम देण्याची पद्धत आहे. चित्रपट चालला तर ती परत करायची असते. आपल्याकडेही केंद्राच्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने १९६० पासून चित्रपटांना कर्जे दिली आणि पुढे हे काम राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे गेले. राज्याने पटकथेच्या टप्प्यावर थोडी तरी रक्कम द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

आपण सध्या एवढेच करावे, की खर्चाची मूळ बिले, कलावंत व तंत्रज्ञांचे करार आणि पैसे दिल्याच्या पावत्या तारखेनुसार एका फायलीत लावून ठेवाव्यात, आणि हाती उरलेला पैसा प्रदर्शनासाठी राखून ठेवावा. चित्रपटगृहांना डिजिटल प्रक्षेपण पुरवणाऱ्या कंपन्यांना दर पडद्यामागे जे शुल्क द्यावे लागते, ज्याला धंद्यात 'व्हीपीएफ' म्हणतात, ते नवीन निर्मात्यांना शेवटच्या आठवड्यात कळते आणि तेव्हा खिसा रिकामा असतो.

प्रश्न : पूर्वीची करपरताव्याची योजना आजच्या अनुदानापेक्षा चांगली होती, असे जुने लोक म्हणतात. ती नेमकी काय होती आणि का गेली? (एक वाचक, सांगली)

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार. मी ज्या खुर्चीवर बसून काम शिकलो, त्या खुर्चीसमोर ही योजना रोज घडत होती.

तेव्हा प्रत्येक तिकिटाच्या किमतीत करमणूक कराचा मोठा वाटा असे. शुक्रवारी सकाळी एस.टी.च्या टपावरून चित्रपटाच्या पत्र्याच्या पेट्या उतरत, त्या हमालाच्या डोक्यावरून थेट मशीनच्या खोलीत जात, आणि इकडे बुकिंगवर तिकिटांच्या पुस्तकांचे सुरुवातीचे क्रमांक मी नोंदवून घेई. खेळ सुरू झाल्यावर कधीही, पूर्वसूचना न देता, करमणूक कर निरीक्षक येत. अंधारात बॅटरीचा झोत रांगांवरून फिरवत ते डोकी मोजत, बाहेर येऊन विकलेल्या तिकिटांची स्थळप्रत पाहत, आणि माझ्या तक्त्यातील आकड्याशी ताळा जमला तरच सही करत. एकदा माझ्या तक्त्यात चार तिकिटे कमी भरली होती. बाल्कनीत व्यवस्थापकाचे पाहुणे बसले होते आणि त्यांची तिकिटे फाडलीच नव्हती. त्या चार तिकिटांवरून झालेली बोलणी माझ्या अजून स्मरणात आहेत. सांगायचे कारण असे, की कोणता चित्रपट किती लोकांनी पाहिला, याचा सहीशिक्क्याचा पुरावा त्या काळी सरकारजवळ गावोगावी जमा होत होता.

१९७५ च्या सुमारास राज्य शासनाने जी योजना आणली, ती याच पुराव्यावर उभी होती. मराठी चित्रपटाने तिकिटांतून जो करमणूक कर जमा करून दिला, तो निर्मात्याला परत मिळावा, पण त्याने पुढचा मराठी चित्रपट काढायला घेतला तर. म्हणजे पैसा द्यायचा की नाही, हे समिती ठरवत नव्हती, प्रेक्षक ठरवत होता. आणि मिळालेला पैसा पुन्हा मराठी चित्रपटातच पडत होता. काळ्या-पांढऱ्या चित्रपटांच्या शेवटच्या दिवसांत धुगधुगी धरून असलेल्या या धंद्याला त्या परताव्याने पुन्हा उभे केले. दादा कोंडके यांच्या चित्रपटांना ग्रामीण प्रेक्षकांनी जी गर्दी केली, तिच्यातून आलेला परतावा पुढच्या निर्मितीत गेला, आणि १९८० च्या दशकात विनोदी चित्रपटांची जी लाट आली, तिच्या मागेही या पैशाचा आधार होता.

दोष होते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. गर्दी खेचणाऱ्यालाच जास्त मिळे, त्यामुळे एकाच साच्याचे चित्रपट वाढले. काही चित्रपट केवळ अडकलेला परतावा सोडवण्यासाठी घाईघाईने उरकले गेले. त्यांची पोस्टरे पाहूनच ते कळत असे. वेगळा विषय घेणाऱ्याला या योजनेत जागा नव्हती. पुढे मराठी चित्रपटांना करमणूक कर माफ झाला, आणि जो कर वसूलच होत नाही, तो परत कसा करणार? त्यामुळे १९९० च्या दशकात परताव्याची जागा गुणांवर आधारलेल्या अनुदानाने घेतली. या बदलाने काही उत्तम चित्रपट शक्य झाले, हे मी आनंदाने मान्य करतो. मात्र एक धागा तुटला. अनुदानाचा आणि तिकिटाचा संबंध उरला नाही. समितीने गुण दिलेला चित्रपट एका आठवड्यात उतरला काय आणि पंचवीस आठवडे चालला काय, मिळणारी रक्कम तीच.

फ्रान्सने हा धागा १९४८ पासून तुटू दिलेला नाही. तेथील राष्ट्रीय चित्रपट केंद्र प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के शुल्क घेते, मग तिकीट अमेरिकन चित्रपटाचे असले तरीही, आणि त्या निधीतून फ्रेंच निर्मात्याला त्याच्या चित्रपटाच्या विक्रीच्या प्रमाणात पुढील चित्रपटासाठी रक्कम मिळते. ही आपल्या करपरताव्याचीच रीत झाली. शिवाय दुसरा वाटा गुणवत्ता पाहून दिला जातो आणि तिसरा चित्रपटगृहांच्या दुरुस्तीसाठी व आधुनिकीकरणासाठी. दूरचित्रवाणी वाहिन्यांनाही त्या निधीत भर घालावी लागते. आपण यांतले एक सोडून दुसरे धरले, आणि तिसऱ्याकडे, म्हणजे पडद्याकडे, जवळजवळ पाहिलेच नाही.

वस्तू व सेवा कर आल्यापासून राज्याच्या हातात तिकिटावरील कराचा निम्मा भागच आहे. एखादा चित्रपट 'करमुक्त' केला, असे आपण वाचतो, तेव्हा राज्य आपल्या वाट्याची रक्कम सोडते किंवा परत करते, एवढाच त्याचा अर्थ असतो. पण तिकिटांची नोंद आता संगणकावर होते. अंधारात डोकी मोजायला कोणाला पाठवावे लागत नाही. मराठी चित्रपटाच्या तिकिटावर जमा झालेला राज्याचा वाटा निर्मात्याला आणि त्याबरोबर तो चित्रपट लावणाऱ्या चित्रपटगृहाला ठरावीक प्रमाणात परत करणे, हे काम आज १९७५ पेक्षा कितीतरी सोपे आहे.

प्रश्न : मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपट लावण्याची सक्ती असूनही मराठी चित्रपट आठवड्यात का उतरतो? सक्तीचा उपयोग काय? (एक गृहिणी, ठाणे)

उत्तर : चित्रपटगृह न मिळण्याचे दुखणे जुने आहे. १९७१ मध्ये 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळेना, तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांना मध्ये पडावे लागले होते. २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्य शासनाने मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवण्यास सांगितले. त्यावर वाद झाला आणि ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल करण्यात आली. बारा वाजताचा खेळही त्यात बसतो. आपण गृहिणी आहात, म्हणून विचारतो : कामाच्या दिवशी दुपारी बारा वाजता घरातील किती माणसे चित्रपटाला निघू शकतात?

मागच्या वर्षी मी अशाच एका खेळाला मंगळवारी गेलो होतो. खिडकीवरील मुलाने सांगितले, की अजून पुरेसे लोक नाहीत, झाले तर खेळ होईल. आम्ही सात जण बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. एका आजोबांनी पिशवीतून डबा काढला, तर त्यांना तो आत नेता येणार नाही, असे सांगण्यात आले. शेवटी खेळ झाला नाही आणि पैसे परत मिळाले. कागदोपत्री मात्र मराठी चित्रपटाला वेळ दिलेली होती.

सक्ती अन्यायाची आहे, असे मल्टिप्लेक्सवाले म्हणतात, ते मला पटत नाही. ही संकुले उभी राहत असताना राज्याने त्यांना पहिली तीन वर्षे करमणूक शुल्क पूर्ण माफ केले होते आणि पुढची दोन वर्षे केवळ पाव भाग आकारला होता. हाही सार्वजनिक पैसाच आहे, आणि त्याच्या मोबदल्यात मराठी चित्रपटाला सोयीची वेळ मागणे, यात गैर काही नाही. तरीही निव्वळ आदेशाने प्रेक्षक येत नाही. संध्याकाळचा खेळ, निदान दोन आठवडे तोच पडदा, आणि शंभर रुपयांच्या आतले तिकीट या तीन गोष्टी एकत्र आल्या पाहिजेत, आणि त्यामुळे चित्रपटगृहाला जी तूट येईल, ती अनुदानाच्या पैशातून भरून द्यावी. दहा चित्रपट काढायला पैसे देण्यापेक्षा सहाच चित्रपटांना देऊन उरलेली रक्कम त्यांच्या प्रदर्शनावर खर्च झाली, तर मला ती अधिक सत्कारणी लागली, असे वाटेल. तालुक्याच्या गावांत पडदेच उरले नाहीत, तेथे नगरपालिकांच्या नाट्यगृहांत प्रोजेक्टर बसवून महिन्यातून चार दिवस मराठी चित्रपट दाखवता येतील. त्या नाट्यगृहांचा बराच काळ रिकामा जातो, हे तेथील रखवालदारालाही ठाऊक आहे.

प्रश्न : चित्रपटांना अनुदान आहे, मग मराठी मालिकांना का नाही? मी सहाय्यक वेशभूषाकार म्हणून काम करते. काम केल्यावर नव्वद दिवसांनी पैसे मिळतात. (एक तंत्रज्ञ, मीरा रोड)

उत्तर : मालिकेचा खर्च वाहिनी उचलते आणि जाहिरातींतून वसूल करते, म्हणून राज्याने त्यात निर्मितीसाठी रक्कम घालावी, असे मला वाटत नाही. दूरचित्रवाणीला सार्वजनिक आधार मिळाला, तो दूरदर्शनच्या रूपाने. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले आणि खासगी मराठी वाहिन्या १९९९ पासून आल्या. मधल्या काळात मराठी नाटक, साहित्य आणि लोककला यांना पडदा मिळाला, तो त्या केंद्राने दिला. आज सह्याद्री वाहिनीला चांगल्या निर्मितीसाठी पुरेसा निधी मिळावा, ही मागणी रास्त आहे.

आपल्या पत्रातील खरी वेदना मात्र नव्वद दिवसांची आहे, आणि तेथे शासनाला पैसा न खर्च करता बरेच काही करता येईल. चित्रनगरीतील चित्रीकरणाची दालने आणि मोकळ्या जागा शासनाच्या महामंडळाच्या आहेत. तेथे चित्रीकरणाची परवानगी देताना, रोजंदारीवरील कामगार आणि तंत्रज्ञ यांचे मानधन तीस दिवसांत चुकते करण्याची अट घालता येते, आणि ती मोडणाऱ्याला पुढची तारीख नाकारता येते. कोल्हापूरच्या चित्रनगरीतही तीच अट असावी. आपण दिवस भरल्याची नोंद रोजच्या रोज स्वतःच्या वहीत ठेवून त्यावर निर्मिती व्यवस्थापकाची सही घ्यावी. वाद झाला, तर संघटनेपुढे ती वहीच आपली बाजू मांडते.

प्रश्न : आम्ही बेळगावचे काही मित्र मराठीत छोटा चित्रपट करू इच्छितो. गोव्यात चित्रीकरण करण्याचा विचार आहे. तेथे काही मदत मिळते का? (तीन मित्र, बेळगाव)

उत्तर : गोव्यात कोकणीबरोबर मराठी चित्रपटांसाठीही अर्थसाहाय्याची योजना राबवली गेली आहे, आणि तिचे काम एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा ही संस्था पाहते. अशा योजनांत अर्जदाराचा रहिवास आणि स्थानिक कलावंत-तंत्रज्ञांचा सहभाग यांना महत्त्व असते, म्हणून पटकथा पक्की करण्यापूर्वीच पणजीला जाऊन नियमांची प्रत घ्यावी. गोव्यातील एखादा सहनिर्माता जोडावा लागला, तर ते सुरुवातीलाच झालेले बरे. चित्रपटाची लांबी कमी असेल, तर तो योजनेत बसतो का, हे त्याच भेटीत लेखी विचारून घ्यावे. आणि तयार झालेला चित्रपट बेळगावात कोणत्या पडद्यावर, किती दिवस लावता येईल, याची चौकशी तेथील चित्रपटगृहाच्या मालकाकडे आत्ताच, चित्रीकरण सुरू होण्याआधी करावी.